सकाळचा टप्पा

सुखदेवभाऊ, काल राजूरला, तुम्ही गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात जो उठला तो तुम्हाला शांत म्हणाला. मंडपात बसल्या बसल्या मला हसू येत होतं आणि रागही येत होता. तुम्ही कुठले शांत? माझ्याशी अठरा वर्षं भांडलात. आवाज चढवला नाहीत, हातातलं फडकं खाली ठेवलं नाहीत, पण भांडलात. मग माझं नाव पुकारलं. कॉलेजच्या वतीनं दोन शब्द. मी माइक धरला आणि म्हटलं, सुखदेवभाऊ अतिशय वक्तशीर होते.

दोन वर्षांपूर्वी तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमातही मी हेच म्हटलं होतं. तेव्हा तुम्ही समोर गळ्यात हार घालून बसला होता आणि माझ्याकडे बघत होता, आता पुढे काही येईल म्हणून. पुढे काही आलं नाही. काल समोर तुमचा फोटो होता, आणि तरीही आलं नाही.

त्याहून वाईट म्हणजे, काल तुमच्या स्वयंपाकघरात चहा घेताना मी वहिनींशी खोटं बोलले. ते काय, ते सांगते. पण आधी चेंडूचं सांगू द्या, कारण आपलं सगळं त्या चेंडूपासूनच सुरू झालं.

मी वणीच्या कॉलेजात लागले तेव्हा यवतमाळहून नवी कोरी आलेली होते, अंगावर कडक इस्त्रीची साडी आणि डोक्यात कडक इस्त्रीचं फिजिक्स. तुम्ही प्रयोगशाळेतले परिचर. किल्ल्यांचा जुडगा तुमच्याकडे, कोणत्या कपाटात काय आहे हे तुमच्या डोक्यात. पहिल्या प्रॅक्टिकलला मी अकरावीच्या मुलांना सांगत होते की रबरी चेंडू एक मीटरवरून सोडायचा आणि त्याची पहिली उसळी किती उंच जाते ते मोजायचं. मुलं ढिम्म. मागून तुम्ही म्हणालात, "मॅडम, टप्पा म्हना. पोट्ट्यायले उसळी समजत नाही. टप्पा समजते, रोज एसटीनं टप्पे मोजतच येतात ते."

मुलं हसली, मीही हसले, आणि त्या दिवसापासून माझ्या वर्गात चेंडू टप्पा घेतो. पुस्तकात काहीही असो.

मग तुम्ही मला फरशी दाखवलीत. मी कुठेही चेंडू सोडायला निघाले होते. तुम्ही टाचेनं एकेक फरशी ठोकत गेलात आणि खिडकीजवळच्या एकीवर थांबलात. "हे भरीव हाय. बाकीच्या खालून पोकळ हाय, चेंडूची ताकद खाऊन टाकतात." खरंच. शेजारच्या फरशीवर चेंडू चार बोटं कमी उडायचा, आणि फरशी बद्द वाजायची. चेंडूची ऊर्जा फरशी हलवण्यात आणि आवाजात जाते हे मला पुस्तकानं शिकवलं होतं. ते टाचेला कळतं हे तुम्ही शिकवलंत. रस्त्यानं कोळशाचा ट्रक निघाला की तुम्ही हात वर करायचा, "थांबा, गाडी जाऊ द्या," आणि पट्टीची थरथर थांबेपर्यंत अख्खी बॅच श्वास धरून उभी राहायची. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना हे बघून वाटायचं, केवढी ही शिस्त.

चुन्याचा प्रयोगही तुमचाच. राजूरच्या भट्टीवरून तुम्ही चिमूटभर चुन्याची भुकटी पुडीत बांधून आणायचा आणि फरशीवर पसरायचा. चेंडू नुसता ठेवला तर त्याला हरभऱ्याएवढा पांढरा ठिपका लागायचा. मीटरभरावरून सोडला की ठिपका रुपयाएवढा. मुलं डोळे विस्फारून बघायची. एवढा टणक चेंडू जमिनीला लागताना चपटा होतो, आणि परत गोल होतो म्हणूनच तो वर जातो, हे मी फळ्यावर तीनदा काढूनही ज्यांच्या गळी उतरत नसे, त्यांना त्या ठिपक्यानं एका मिनिटात पटायचं. मी मात्र वर्गात म्हणायचे, "आपण चुन्याचा प्रयोग करतो." आपण. भाऊ, मला तेव्हापासूनच ती खोड होती बहुतेक.

दरवर्षी प्रयोग संपत आला की तुम्ही मागून तो प्रश्न टाकायचा. मुलांना वाटायचं शिपाईकाकाला खरंच माहीत नाही. "मॅडम, चेंडू थांबला. मंग त्याची ताकद गेली कुठं?"

मग मी सांगायचे. ऊर्जा नाहीशी होत नाही. थोडी आवाजात जाते, थोडी फरशीत, आणि बरीचशी चेंडूच्या रबरातच उष्णता होऊन राहते. चपटं होताना आणि गोल होताना रबर आतल्या आत घासतं, आणि जेवढं घेतं तेवढं परत देत नाही.

"मंग चेंडू गरम काहून लागत नाही?"

कुणीतरी उत्साही मूल मग चेंडू शंभर वेळा आपटायचं आणि गालाला लावून बघायचं. काही कळायचं नाही. मी म्हणायचे, वाढ फार थोडी असते, हाताला कळणार नाही. तुम्ही मान हलवायचा, म्हणजे पटलं असं नाही, पुढे बोला असं.

खरं भांडण नंतर चहाच्या वेळी. "मॅडम, आम्ही वंदनेले बसतो तवा म्हनतो, सारं अनित्य हाय, काही टिकत नाही. तुमचं फिजिक्स म्हनते काहीच जात नाही. आता दोघातलं खरं कोन?" मी म्हणायचे, दोन्ही. चेंडूचं उडणं टिकत नाही, ऊर्जा टिकते. "म्हनजे उडनारा जाते आन उडनं ऱ्हायते?" उलटं, भाऊ, उलटं. तुम्ही मुद्दाम उलटं म्हणायचा की काय, कोण जाणे. एकदा मी तुम्हाला फळ्यावर मांडून दाखवलं की गणिताच्या हिशेबानं चेंडूचे टप्पे संपतच नाहीत, नुसते लहान लहान होत जातात, आणि तरी सगळे मिळून काही सेकंदांतच उरकतात. तुम्ही बराच वेळ फळ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "हे फळ्यावरचा चेंडू असंन. आपला थांबते." आणि कप विसळायला निघून गेलात. ते भांडण अजून तिथेच आहे. मला वाटत होतं तुम्ही रिटायर झाल्यावर एखाद्या रविवारी राजूरला येऊन पुढचं भांडू. जायला एसटीनं कितीसा वेळ लागतो? दोन वर्षांत मला तो रविवार सापडला नाही.

आता त्या सकाळकडे येते. टाळून चालणार नाही.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. थंडीचे दिवस होते. आपल्या दोन बॅच, एक सकाळी आठची, एक दुपारी दोनची. तुम्हाला सवय होती, बॅच यायच्या आधी प्रयोग एकदा स्वतः करून बघायची. चेंडूचा टप्पा घेऊन आकडा कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीनं लिहायचा. एके दिवशी मी कपाट उघडलं आणि तो कागद पाहिला. सकाळ बासष्ट, दुपार अडुसष्ट. सकाळ त्रेसष्ट, दुपार अडुसष्ट. पानभर तेच.

मला सकाळच्या बॅचचा वैताग होताच. त्यांचं रीडिंग नेहमी कमी यायचं, आणि मी त्यांना सांगायचे, तुमचं चुकतंय, दुपारच्यांचं बघून लिहा. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, तोच चेंडू आणि तीच फरशी असेल तर टप्प्याचं प्रमाण ठरलेलं असतं. ठरलेलं म्हणजे ठरलेलं. सकाळी एक आणि दुपारी एक असं कसं असेल?

मी सगळ्या बॅचसमोर विचारलं, हे काय लिहून ठेवलंय? तुम्ही म्हणालात, "जे दिसलं ते लिहिलं मॅडम. थंडीनं रबर आखडते."

"असं काही नसतं."

"काहून नसते? माहा बाप जिनिंगवर काट्याले होता. सकाळचा कापूस दवानं जड भरते, दुपारचा हलका. कापूस तोच, काटा तोच, मानूसबी तोच. माप कवा घेतलं हेही पाहा लागते ना."

मुलं हसली. माझ्यावर हसली की तुमच्यावर, ते आज सांगता यायचं नाही. मला वाटलं माझ्यावर. आणि मी म्हटलं, "सुखदेवभाऊ, इथे कापूस मोजायचा नाहीये. तुम्हाला स्केल वाचता येत नाही. डोळा आकड्याच्या समोर लागतो, तुम्ही उभ्यानं वरून बघता. उद्यापासून रीडिंग घेऊ नका."

तुम्ही फडक्यानं पट्टी पुसलीत, सकाळची कोळशाची काजळी बसलेली असायची तिच्यावर. मग चेंडू पुसून माझ्या टेबलावर ठेवलात.

त्या दिवसापासून तुम्ही पट्टीकडे पाहिलं नाहीत. मुलांनी कौतुकानं बोलावलं, "काका, बघा ना बरोबर आहे का," तरी म्हणायचा, "मॅडमले इचार." टाचेनं फरशी ठोकायचा, चुना आणायचा, ट्रक आला की हात वर करायचा, वरून तो प्रश्नही विचारायचा. पट्टी सोडून सगळं. माझ्याशी बोलण्यात एक शब्दही कमी केला नाहीत. त्यामुळे मला सोयीचं झालं. मी ठरवून टाकलं की तुम्हाला काही लागलेलं नाही.

मग पुढे एका उन्हाळ्यात मी पेपर तपासत प्रयोगशाळेत एकटीच बसले होते. वणीचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला काय सांगायचं. चेंडू खिडकीच्या कठड्यावर तापत पडला होता. उचलला तर हाताला चटका. कंटाळा आला होता म्हणून तुमच्या त्या भरीव फरशीवर सोडला, आणि तो असा उडाला की माझ्या हातातलं पेन पडलं. मी पट्टी काढली. बहात्तर. मग कॅन्टीनमधून ग्लासभर बर्फ आणला, चेंडू त्यात बुडवून ठेवला, पुसला आणि सोडला. पंचावन्न. तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. डोळा आकड्यासमोर नीट लावून केलं, भाऊ, गुडघ्यावर बसून.

मी जमिनीवर बसले होते तेव्हाच तुम्ही दारात आला आणि म्हणालात, "मॅडम, चहा सांगू काय?" मी दचकून चेंडू पदराखाली घेतला. एखाद्या मुलीनं कॉपी लपवावी तसा. "सांगा," म्हटलं.

तेव्हाच म्हणायचं होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी मनाशी म्हटलं, कॉलेज सुरू झालं की सगळ्यांसमोर सांगू, ज्या जागी बोलले त्या जागी. कॉलेज सुरू झालं. मी काय केलं, तर वेळापत्रक बदललं. चेंडूचा प्रयोग दोन्ही बॅचना दुपारी लावला. आणि हिवाळ्यात मोठ्या रुबाबात मुलांना समजावलं की थंडीत रबर आखडतं, त्याच्या आतली घासाघीस वाढते, म्हणून ते घेतलेली ऊर्जा कमी परत देतं. तोंडी परीक्षेला माझा तो आवडता प्रश्न झाला. आखडतं हा शब्द तुमचा. मी तो उच्चारला तेव्हा तुम्ही मागे चेंडू वाटत होता. तुम्ही मान वर केलीत. मी जर्नलवर सही करू लागले.

त्यानंतर दरवर्षी हे झालं, आणि दरवर्षी तुम्ही मान वर करायचा.

काल चहा देताना वहिनी म्हणाल्या, "मॅडम, एक इचारू काय?" पांढऱ्या साडीत त्या आणखीच लहान दिसत होत्या. "एका उन्हाळ्यात हे घरी आले त लय खुशीत. म्हने, मॅडमनं आज चेंडू उन्हात ठेवून पाह्यला, बर्फातबी ठेवला. माहं खरं निघालं. आता मले सांगतीन म्हने. मी रोज इचारू, सांगितलं काय? म्हने, सांगतीन, कॉलेज लागलं की सांगतीन." त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "सांगितलं होतं ना तुम्ही?"

मी म्हटलं, "हो. सांगितलं होतं."

"मंग बरं," त्या म्हणाल्या. आणि मला अजून अर्धा कप चहा ओतला.

तर असं. तुम्ही दारात उगाच आला नव्हता. तुम्ही सगळं पाहिलंत, घरी गेलात, आनंदानं सांगितलंत, आणि वाट पाहिलीत. दरवर्षी मान वर करायचा ती त्यासाठी. आणि मी समजत होते की तुम्ही विसरलात. भाऊ, मला माझी लाज वाटते. दुसरा शब्द शोधायला बसले तर पुन्हा वक्तशीर असलं काहीतरी सापडेल.

रात्री झोप नव्हतीच. पण आज सकाळी साडेसातलाच कॉलेजात गेले. आठच्या बॅचला आज दुसराच प्रयोग होता, तो रद्द केला आणि चेंडू काढला. नवा परिचर चांगला मुलगा आहे, पण त्याला फरशी माहीत नाही. मीच टाचेनं ठोकत गेले. थंडी चांगली होती, पोरं हात बगलेत घालून उभी. एक ट्रक आला तेव्हा माझा हात आपोआप वर गेला, आणि सगळी थांबली.

मारेगावकडून येणारी एक मुलगी आहे, हुशार, पण घाबरट. तिनं चेंडू सोडला, गुडघ्यावर बसून पाहिलं, पुन्हा सोडला, पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे आली. "मॅडम, बासष्टच येऊन राह्यलं. मागच्या बॅचच्या जर्नलात अडुसष्ट हाय. माहं चुकलं काय? अडुसष्ट लिहू?"

मी तिला कपाटाशी नेलं. दार उघडलं. तुमचा कागद तिथेच आहे, भाऊ. पिवळा पडलाय, पेन्सिल पुसट झालीय, पण वाचता येतो. शेवटचा आकडा त्या दिवशीचा आहे. सकाळ, बासष्ट. त्याच्या पुढे दुपारची जागा मोकळी. त्या दिवसानंतर इतकी वर्षं कपाट रोज उघडत होते, तो कागद मी कधी काढला नाही आणि पुन्हा कधी वाचलाही नाही.

"बासष्टच लिही," मी म्हटलं, "आधी इथे, खाली. मग जर्नलात."

मग बॅचला सांगितलं. कोण लिहायचं हे, ते कुठून यायचे, काय म्हणाले होते, कापसाचं काय सांगितलं होतं. मी काय म्हणाले होते तेही, शब्दाला शब्द. चेंडू उन्हात ठेवलेलं सांगितलं, बर्फात ठेवलेलं सांगितलं, पदराखाली लपवलेलंही सांगितलं. कुणी हसलं नाही. मागून एकानं विचारलं, "मग मॅडम, तुम्ही त्यांना सॉरी म्हटलं की नाही?" मी म्हटलं, नाही.

मधल्या सुट्टीत वहिनींना फोन लावला. म्हटलं, वहिनी, काल मी खोटं बोलले. मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

पलीकडे राजूरच्या रस्त्यावरून ट्रक जात होता, तो जाऊ दिला त्यांनी. मग म्हणाल्या, "मले वाटलंच होतं. तुम्ही सांगितलं असतं त ह्यायनं वर्षभर घरात तेच सांगितलं असतं."

मला रडू आलं. त्याही रडत असाव्यात.

"आता मलेच सांगा," त्या म्हणाल्या. "काय सांगाचं होतं त्यायले?"

मी स्टाफरूममध्ये होते, आजूबाजूला डबे उघडले होते, सगळे ऐकत होते. ऐकू दे म्हटलं. "वहिनी, सुखदेवभाऊंना स्केल वाचता येत होती. मला येत नव्हती."